चढ, उतार आणि स्नायू

रायगड जिल्ह्यात उरणजवळ द्रोणागिरी नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि पायथ्याशी करंजा हे कोळ्यांचे बंदर आहे. नवी मुंबईच्या एका भागालाही द्रोणागिरी हेच नाव दिलेले आहे. हे नाव ऐकताच मारुतीने उचलून आणलेला पर्वत आठवतो. मारुती हे बलाचे दैवत. म्हणून तालमीत त्याची मूर्ती किंवा तसबीर असतेच. परंतु शरीरात बल कसे निर्माण होते हे समजून घेण्यासाठी पर्वत उचलावा लागत नाही. हा लहानसा डोंगर चढून उतरला तरी पुरे.

मनुष्याच्या शरीरात सहाशेंहून अधिक स्नायू हाडांशी निगडित आहेत. ते आपल्या इच्छेप्रमाणे हलतात, म्हणून त्यांना ऐच्छिक स्नायू म्हणतात. (हृदयाचाही स्नायूच आहे, पण तो कोणाची आज्ञा पाळत नाही, हे आपले भाग्यच!) स्नायूची टोके कंडरांनी हाडांना जोडलेली असतात. टाचेच्या मागे चाचपले असता जी जाड, ताठ दोरी हाताला लागते, ती अशीच एक कंडरा होय.

स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून निसर्गाने त्यांच्या जोड्या लावल्या आहेत. दंडाच्या पुढील द्विशिर स्नायू आखडला की कोपर वाकते. मागील त्रिशिर स्नायू आखडला की हात सरळ होतो. करंज्याचा कोळी जाळे ओढतो, तेव्हा दंड, पाठ, कंबर आणि पाय यांतील अशा अनेक जोड्या एकमेकींना सांभाळून राबत असतात.

स्नायू आखडतो म्हणजे नेमके काय होते? मज्जातंतूंतून संदेश येताच स्नायूतील अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे सूक्ष्म धागे एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत, तसे. धागे स्वतः आखूड होत नाहीत. हा शोध 1954 साली दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. दोन्ही गटांत हक्सले आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता, आणि त्या दोघांचे काही नाते नव्हते!

या सरकण्याला ऊर्जा लागते. ती अन्नातील साखर आणि श्वासातील प्राणवायू यांपासून मिळते; म्हणून चढ चढताना धाप लागते. या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच कामी येतो. बाकीची उष्णता बनते आणि अंगाला घाम सुटतो. थंडीत हुडहुडी भरते, तेव्हा शरीर हीच उष्णता मुद्दाम निर्माण करीत असते.

चढणे कष्टाचे आणि उतरणे सोपे, असे वाटते खरे. तथापि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या विशेषतः उतरण्याने. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू शरीराचा भार रोखून धरतात, आणि त्याच वेळी ताणले जातात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे स्नायूत साठलेल्या आम्लामुळे होते, असे पूर्वी मानीत. पण ते आम्ल तास-दोन तासांतच निघून जाते. ही इजा शरीर भरून काढते, आणि पुढच्या खेपेस तोच उतार कमी त्रास देतो.

न वापरलेला स्नायू मात्र झिजतो. मोडलेल्या पायाचे प्लास्टर काढल्यावर तो पाय दुसऱ्याहून बारीक दिसतो. अंतराळस्थानकात शरीराला भारच जाणवत नाही. म्हणून तेथील अंतराळवीर दररोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. तासन्‌तास बसून राहणाऱ्याचेही नुकसान होते. चालताना पोटरीचे स्नायू पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलतात, आणि काम करणारे स्नायू रक्तातील साखर शोषून घेतात. बैठ्या माणसाच्या शरीरात ही दोन्ही कामे मंदावतात.

वय झाल्यावर स्नायू सुधारतच नाहीत, असे पुष्कळांना वाटते. 1990 साली अमेरिकेत सुमारे नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करवून घेतला. त्यांच्या पायांतील शक्ती दुपटीहून अधिक झाली, आणि दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही.