वार आणि मातेची प्रतिकारशक्ती

वाराणसीचे नाव शल्यविद्येच्या इतिहासाशी प्राचीन काळापासून जोडलेले आहे. काशीराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुताला हे शास्त्र शिकविले, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. तुटलेले नाक पुन्हा घडविण्यासाठी झाडाचे पान मापाला घ्यावे व तेवढी गालाची त्वचा वळवून नाकाच्या जागी बसवावी, अशी कृती या ग्रंथात आढळते. ही त्वचा रुग्णाची स्वतःचीच असल्यामुळे रुजते. दुसऱ्याची त्वचा लावल्यास मात्र शरीर ती थोड्याच दिवसांत झिडकारते. कारण शरीरातील पांढऱ्या पेशी आपले व परके यांतील भेद जाणतात.

येथे एक प्रश्न उद्भवतो. गर्भाचा अर्धा आनुवंशिक वारसा पित्याकडून आलेला असतो. म्हणजे मातेच्या शरीराला तो अर्धा परकाच. तरीही तो नऊ महिने कसा वाढतो? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली हा प्रश्न नेमकेपणाने मांडला.

उत्तराचा मोठा भाग वारेत सापडतो. वार मुख्यतः गर्भाच्याच पेशींची बनलेली असते. तिच्या ज्या आवरणाभोवती मातेचे रक्त खेळते, त्यावर परकेपणा उघड करणाऱ्या नेहमीच्या खुणाच नसतात. वारेच्या इतर काही पेशी गर्भाशयाच्या अस्तरात खोलवर शिरतात. त्यांच्यावर ‘एचएलए-जी’ हे विशेष प्रथिन असते. अस्तरात मातेच्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ असतात. पहिल्या तीन महिन्यांत तेथील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. परंतु वारेच्या पेशींशी गाठ पडली असता त्या नावाप्रमाणे संहार करीत नाहीत. उलट गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावण्यास साहाय्य करणारी द्रव्ये स्रवतात.

यावरून मातेची प्रतिकारशक्ती निद्रिस्त होते, असे मात्र समजू नये. तसे झाले असते, तर कोणत्याही संसर्गापुढे माता असहाय ठरली असती. ती जागीच असते. गर्भाशयात तिला वेगळे काम मिळते, एवढेच.

हा मेळ नीट न जमल्यास रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत व वारेला रक्त कमी पडते. विसाव्या आठवड्यानंतर मातेचा रक्तदाब वाढविणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सिया या घातक विकाराचे एक मूळ येथेच असावे, असे संशोधन सुचविते. गर्भवतीचा रक्तदाब वेळोवेळी मोजणे ही केवळ औपचारिकता नव्हे, ती याचसाठी.