भरीव

हळदीच्या हंगामात हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या बाजारात हळकुंडांच्या राशी लागतात. जाणता व्यापारी राशीतून एक हळकुंड उचलतो व मोडून पाहतो. नीट शिजवून वाळविलेले हळकुंड खट्कन मोडते. सालीपासून गाभ्यापर्यंत आत तेच कठीण, केशरी-पिवळे अंग दिसते. कोठे पोकळी नाही, कोठे मऊपणा नाही. अशा वस्तूस मराठीत ‘भरीव’ म्हणतात. ऊस भरीव, बांबू बहुधा पोकळ.

‘भर’ या धातूस ‘ईव’ प्रत्यय लागून हे विशेषण सिद्ध होते. कोरीव, घडीव, आखीव हे शब्द याच घडणीचे. औंढा नागनाथ येथील मंदिराच्या बाहेरील भिंतींवर शिल्पे कोरलेली आहेत, म्हणून ती कोरीव होत. परंतु जे भरलेले ते भरीव, असे मात्र म्हणता येत नाही. घागर काठोकाठ भरली तरी ती भरलेली घागर. तिला भरीव कोणी म्हणत नाही. घागर तांब्याची आणि आत पाणी! भरीव वस्तू आतबाहेर एकाच द्रव्याची असावी लागते.

हा भेद सराफाच्या दुकानात फार महत्त्वाचा ठरतो. सोन्याचा पातळ पत्रा वळवून केलेले कडे चेपू नये म्हणून कधी कधी त्यात लाख भरतात. ते हातास घट्ट लागते. पण ते भरीव नव्हे. अडचणीच्या वेळी मोडीत घातले की लाख जळून जाते आणि तराजूत पत्र्यापुरतेच सोने उरते. ‘भरलेले’ व ‘भरीव’ यांत घोटाळा करणारे गिऱ्हाईक तेव्हा कपाळाला हात लावते.

लक्षणेने हा शब्द माणसांच्या कामासही लागतो. भरीव कामगिरी म्हणजे जिच्यात खरोखर काही केलेले आहे अशी. अंदाजपत्रकाच्या बातम्यांत ‘भरीव तरतूद’ हमखास भेटते. तेथे त्याचा अर्थ केवळ ‘मोठी’ एवढाच उरतो, आणि रक्कम किती हे कळण्यास आकडाच वाचावा लागतो.

शाळेच्या संमेलनात सकाळपासून रात्रीपर्यंत वीस कार्यक्रम असले, तर ते संमेलन भरगच्च झाले असे म्हणावे. ते भरीव झाले की नाही, हे कार्यक्रम पाहिल्यावरच सांगता येते.