न ओळखलेला कंद चुलीवर चढवू नका

मृगाचा पाऊस पडला की परसात वाफे खणायला सुरुवात होते आणि कुदळीला हमखास कुठला तरी कंद लागतो. मग माझ्या टेबलावर पिशव्या येऊ लागतात. "साहेब, हे काय आहे?" हा पहिला प्रश्न, आणि लगेच दुसरा, "खाता येईल ना?" लव्हाळ्याच्या काळ्या सुवासिक गाठी, सुरणाची पिल्ले, शतावरीच्या मुळ्यांचे घोस तुम्ही ओळखता, त्यावर जागा घालवत नाही. या हंगामात धास्ती आहे ती कळलावीची.

कळलावी म्हणजेच खड्यानाग किंवा अग्निशिखा. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर ती आपोआप चढते. कंद बोटाएवढा जाड, साल फिकट तपकिरी, आतून पांढरा. बहुतेक वेळा त्याला दोन फांद्या असतात आणि आकार नांगरासारखा दिसतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. पण खणताना कंद मोडला की हाती नुसता सरळ तुकडा येतो, आणि रताळे किंवा कोनफळाचे पिल्लू समजून तो टोपलीत जातो. म्हणून आकारावर विसंबू नका.

या वेलीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते, आणि कंदात ते भरपूर असते. "उकळले की जाते," असे सांगणारे प्रत्येक वाडीत भेटतात. ते जात नाही. सुरण चिंच-आमसुलात शिजवतात, कारण त्याची खाज सुईसारख्या स्फटिकांची असते. कडू करांदा राखेत उकळून वाहत्या पाण्यात ठेवायची रीत फक्त त्या करांद्यापुरती आहे. एका कंदाची युक्ती दुसऱ्याला लावू नका. जिभेवर ठेवून चव बघण्याची सवयही आजच सोडा.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घरी करांद्याचा आणि कळलावीचा वेल एकाच कुंपणावर होता. खाली खणून जे निघाले ते सगळे एकत्र उकडले. रात्री घशात आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. सकाळी उलट्या थांबल्या, म्हणून घरच्यांनी आजीला दवाखान्यात न्यायचे टाळले. खरा धोका तेव्हाच सुरू होतो: पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आजी दुसऱ्या दिवशी दाखल झाल्या, वाचल्या. पण पुढे डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळाले. या विषावर हमखास उतारा नाही. शंका आली तरी 108 ला फोन करा आणि उरलेला कंद सोबत न्या. ताक, मीठपाणी, झाडपाला यांत वेळ दवडू नका.

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हा कंद उगाळून लावायची जुनी रीत आहे; वेलीचे नावही त्यावरूनच पडले. ती रीत बंद करा. बाईचा जीव पणाला लावून केलेल्या उपायाला औषध म्हणत नाहीत.

ओळखायचा खात्रीचा मार्ग सोपा आहे. कंद कुंडीत लावा, पाने येईपर्यंत कळ काढा. पानाचे टोक दोऱ्यासारखे लांबून आधाराला वेटोळे घालत असेल, तर ती कळलावी. करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे, शिरा ठळक. कांद्यासारखा दिसणारा पण कांद्याचा वास नसलेला गड्डाही खाऊ नका; रानकांदा विषारी असतो.

परसातली कळलावी काढायची तर हातमोजे घाला, पूर्ण कंद उकरा. तुकडे खतखड्ड्यात टाकू नका, तिथून ती पुन्हा फुटते. गुरांच्या दावणीपासूनही दूर ठेवा. रानातली मात्र रानातच राहू द्या. तिचा त्रास तिथे कुणाला नाही.

नाव माहीत नसलेल्या कंदाला या पावसाळ्यात स्वयंपाकघरात जागा देऊ नका, आणि हे घरातल्या मुलांनाही आजच सांगून ठेवा.