खांदा पुन्हा निखळण्याआधी

बाळा, कबड्डीत तुझा खांदा पुन्हा निखळला आणि मित्राने मैदानातच ओढून बसवला, हे दादाने फोनवर सांगितलं. यापुढे खांदा कुणालाही ओढू द्यायचा नाही. इथे चेन्नईत हाडं बसवणाऱ्या पारंपरिक ‘पुत्तूर कट्टू’च्या पाट्या जागोजागी दिसतात, लोकांची त्यावर श्रद्धाही फार. पण खांद्याला लागून जाणारी नस ओढाताणीत दुखावली की हात वर उचलता येत नाही. फिजिओथेरपीच्या नोकरीत असे हात मी पाहिलेत. हात झोळीत घालून थेट हॉस्पिटल गाठायचं. बसवण्याआधी एक्स-रे, बसवल्यावर पुन्हा एक्स-रे.

खांदा पुढे निखळतो तेव्हा बहुधा सांध्याच्या वाटीच्या कडेची कुर्चा सुटते. लंडनच्या बँकार्ट या सर्जनने १९२३ साली हे मांडलं, म्हणून त्या इजेला त्यांचंच नाव आहे. मग दर खेपेला हाड झिजतं. व्यायामाने स्नायू बळकट होतील, सुटलेली कड जागेवर येईलच असं नाही. तुझ्या वयात, झटापटीच्या खेळात, खांदा पुन्हा निघण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. म्हणून चालढकल नको.

डॉक्टरांना एवढं नक्की विचार: वाटीचं हाड किती झिजलंय? एमआरआयमध्ये कुर्चा दिसते, हाडाचं माप सीटी स्कॅनवर नीट कळतं. झीज पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेली असेल तर नुसती कड शिवून सहसा भागत नाही, हाडाचा तुकडा स्क्रूने बसवावा लागतो. तेव्हा दुर्बिणीच्या ऑपरेशनचाच हट्ट धरू नकोस.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं तर बाहेर दोन-तीन बारीक भोकं दिसतील. आत मात्र हाडात अँकर रोवून दोऱ्यांनी कड बांधलेली असते. टाके निघतात, दुखणं ओसरतं आणि नेमकी तेव्हाच पोरं झोळी काढून फेकतात. डॉक्टर सांगतील तितके आठवडे ती झोपेतसुद्धा गळ्यात हवी. पाठीवर झोप, कोपराखाली उशी घे. सदरा पुढून उघडणारा; दुखरा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी. घामाने काख चिघळते, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की कमरेत वाकून हात सैल सोड, काख धू, कोरडी कर आणि सुती रुमाल ठेव. बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलव. चेंडू फेकताना हात जसा मागे जातो, तसा मात्र अजिबात न्यायचा नाही. बसचा वरचा दांडा नको, बाईक तर नकोच.

क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्यात क्षेत्ररक्षण करताना सरकला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, आयपीएलमध्ये तो उतरला सप्टेंबरात. त्याच्या दिमतीला रोज फिजिओ होते. तू निदान सहा महिने धरून चाल, आणि पकडीला जाण्याआधी डॉक्टरांकडून दोन्ही खांद्यांची ताकद तपासून घे.

इथे दाखवायचं ठरलं तर अण्णा नगरला माझ्याकडेच उतर. टॉवर पार्क जवळ आहे, सकाळी चालायला होईल. जुने सगळे एक्स-रे घेऊन ये, आणि कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नकोस, तिच्या झटक्यानेही खांदा निखळू शकतो.