महापूर आणि राज्यसीमा : कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांसाठी काही विचार

कृष्णा नदी महाबळेश्वरी उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीनजीक वारणा आणि नृसिंहवाडीस पंचगंगा. पुढे शिरोळ तालुका ओलांडून ती कर्नाटकात प्रवेश करते व आलमट्टीच्या जलाशयास मिळते. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट, तर आलमट्टीची सुमारे १२३ अब्ज घनफूट आहे. कोयनेचे दरवाजे उघडले की त्या पाण्याचा भार सांगलीप्रमाणेच कर्नाटकातील काठच्या गावांवरही पडतो. आणि आलमट्टीतून पाणी किती व केव्हा सोडले जाते, इकडे सांगली-कोल्हापूरचे लक्ष लागलेले असते. अशा रीतीने दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये याचा कठोर प्रत्यय आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेथे पाणी सुमारे ५७ फुटांवर गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी हे या पुराचे प्रमुख कारण ठरविले आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही लक्ष वेधले. जून २०२१ मध्ये बंगळूर येथे दोन्ही राज्यांची बैठक होऊन विसर्गाबाबत समन्वय राखण्याचे ठरले. तथापि त्याच वर्षी जुलैत पुन्हा महापूर आला. समन्वयाने पाऊस थांबत नाही. मात्र सावध होण्यास अवधी मिळतो, आणि तो अवधी वाया न घालविणे आपल्या हाती आहे.

एक सेवा बुडाली की दुसरी थांबते

२०१९ च्या पुरात वीज उपकेंद्रे पाण्याखाली गेल्याने अनेक गावे अंधारात बुडाली. कोल्हापूर शहराची पाणी उपसा केंद्रे बंद पडली आणि चहूकडे पाणी असता पिण्यास पाणी मिळेना. शिरोलीनजीक पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने इंधन, औषधे व चारा घेऊन येणारी वाहने अडकली, दूधसंकलन थांबले. सारांश, ज्याचे शिवार कोरडे राहिले त्याचाही व्यवहार बंद पडला. म्हणून पुराची तयारी करताना केवळ बांधापुरता विचार करून भागत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. आयर्विन पूल किंवा राजाराम बंधारा येथील पातळी अमुक फूट झाली असता आपल्या गावचा रस्ता, ओढ्यावरील पूल व पंपाची जागा यांपैकी काय पाण्याखाली जाते, याचा तक्ता २००५, २०१९ व २०२१ च्या पूरखुणांवरून तयार करून चावडीवर लावावा. मग वृत्तात ऐकलेल्या आकड्याचा अर्थ प्रत्येकास कळेल.

२. नदीकाठचे विद्युतपंप व स्टार्टरच्या पेट्या इशारा मिळताच, वीजपुरवठा बंद करून, उंचावर न्याव्यात. बुडालेली मोटर पूर्ण वाळवून जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज सुरू करू नये.

३. आठ दिवस पुरेल इतका कडबा किंवा मुरघास उंच जागी ठेवावा. जनावरे आधी हलवावीत. ते शक्य न झाल्यास निदान दावी सोडून द्यावीत.

४. पिण्याचे पाणी, धान्य व औषधे यांचाही तितक्याच दिवसांचा साठा करावा. पूर ओसरल्यावर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने शुद्धीकरण केल्याशिवाय विहिरीचे पाणी पिऊ नये.

५. सीमेलगतच्या गावांनी पलीकडील शेजारच्या गावांशी दूरध्वनीने संपर्क ठेवावा. तेथे आपले आप्त आहेत, बाजार आहेत. त्याच नात्याने पाण्याची वार्ताही द्यावी व घ्यावी. मात्र अशा वार्तेची शासकीय सूचनेशी खात्री करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली व अनेक जीव गेले. रस्ता बुडाल्यावर नावेखेरीज मार्ग उरत नाही, आणि नावेत सर्वांना जागा नसते. घर व गोठा सोडून जाणे जिवावर येते, हे खरे. परंतु पीक पुन्हा उभे करता येते, गेलेले माणूस परत येत नाही. म्हणून रस्ता उघडा आहे तोवरच वृद्ध, मुले व गुरे यांना सुरक्षित स्थळी पोहोचवावे. पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय घेऊन कोणी कोणते काम करावयाचे, हे नावानिशी ठरवून ठेवावे.