चालू मशीन आणि जुना कीबोर्ड

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात हिशोबपट्ट्या करणारी मुलं आणि जुन्नरचे टायपिंग क्लास, यांचे कीबोर्ड सांभाळताना जे उमगलं ते हे.

१. जुना कीबोर्ड लोकांना टाकवत नाही, याला कारण आहे. जुन्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डाच्या कळांखाली चेरी कंपनीचे यांत्रिक स्विच असतात. कळ लागल्याचं बोटालाही समजतं आणि कानालाही. स्क्रीनवरची नजर न हलवता वजन-भाव भरणाऱ्याचा हात त्या आवाजावर बसलेला असतो. तो वेग नव्या कीबोर्डाबरोबर विकत मिळत नाही. म्हणून मी जुना टिकवण्याच्या बाजूचा.

२. गोल पिनेचा कीबोर्ड चालू मशीनला लावला तर धोका कीबोर्डापेक्षा मदरबोर्डाला जास्त, हे मला फार उशिरा पटलं. आयबीएमने 1987 साली ही पीएस/टू पिन आणली, तेव्हा चालू संगणकात कीबोर्ड काढायचा-घालायचा हे गृहीतच नव्हतं. पिना सगळ्या सारख्या लांबीच्या. पाच व्होल्ट, ग्राउंड, डेटा यांतलं आधी काय टेकेल ते हाताच्या कलावर. यूएसबीत वीज आणि ग्राउंडच्या पट्ट्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत, त्या आधी टेकतात. पीएस/टूत गडबड झाली तर बोर्डावरचा तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज उडतो, कीबोर्ड-माउस दोन्ही मुके होतात. काही बोर्डांवर तो आपोआप सावरणारा असतो, काहींवर एकदा उडाला की सोल्डर काढून बदलावा लागणारा. फ्यूजवर निभावलं तर बरं. कंट्रोलर गेला तर बोर्डच बदलावा लागतो. पुष्कळदा काहीच होत नाही हेही खरं, आणि सवय लागते ती त्यामुळेच.

३. शट डाउन केलं म्हणजे वीज गेली असं नाही. कीबोर्डाची कळ दाबून मशीन सुरू करता यावं म्हणून अनेक बोर्ड त्या सॉकेटात पाच व्होल्ट जिवंत ठेवतात. म्हणून भिंतीवरचं बटण बंद करायचं, क्षणभर थांबायचं, मग पिन लावायची. बाजारात ट्रक खोळंबलेला असताना हा क्षण फार मोठा वाटतो, तरीही. नाहीतरी चालू मशीनला लावलेला कीबोर्ड अनेकदा ओळखलाच जात नाही. मग मशीन पुन्हा सुरू करावं लागतंच.

४. यूएसबी कन्व्हर्टर लावला की प्रश्न मिटला, असं वाटतं. त्याची एक बाजू यूएसबी, दुसरी पीएस/टूच. आधी कीबोर्ड कन्व्हर्टरला जोडायचा, मग कन्व्हर्टर मशीनला. काढताना उलट. नुसती पिन बदलणारा छोटा अडॅप्टर वेगळा. तो दोन्ही भाषा जाणणाऱ्या कीबोर्डालाच चालतो.

५. पिन बसली म्हणजे जमलं, हेही खरं नाही. आयबीएमच्या 1981 च्या पीसीचा आणि 1984 च्या एटीचा कीबोर्ड, दोघांचा पाच पिनांचा गोल प्लग एकच, बोलण्याची रीत मात्र निराळी. मोठ्या गोल पिनेचा कीबोर्ड कुणी आणला की मी आधी तो उलटा करून बघतो. काहींच्या पाठीवर पीसीची रीत (तिला एक्सटी म्हणतात) की एटीची, हे ठरवणारा छोटा खटका असतो.