तंबूचा धंदा व आजचा जोडधंदा
वाचनभाग : प्रे. कृत्ये १८:१-४, लूक १४:२८-३०

इ. स. ५० च्या सुमारास पौल करिंथास आला व अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करू लागला. तो त्याच्या हातचा धंदा होता. शब्बाथ दिवशी मात्र तो सभास्थानात असे.

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील एखादा तरुण वित्तसंस्थेत संगणकाचे प्रोग्राम लिहितो व पगाराला जोड शोधतो. त्याने तीन गोष्टी पाहाव्यात.

१. काम हातचे असावे. निपाणीच्या दुकानदारास मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत बिल छापणारा प्रोग्राम उपयोगी पडेल.

२. त्यात मालकाचे काही नसावे. कचेरीतला वेळ, ग्राहकांच्या याद्या, तेथे लिहिलेला प्रोग्राम ही आपली मालमत्ता नव्हे. लेखी परवानगी घ्यावी. कचेरीत कळलेल्या, भाव हलविणाऱ्या गुप्त माहितीवर शेअर घेण्यास सेबीच्या २०१५ च्या नियमांनी मनाई आहे.

३. खर्च आधी मोजावा. बुरूज बांधणाऱ्याने केवळ पैसाच नव्हे, झोप व घरचा वेळही हिशेबात धरावा.

वर्गात विचारा : मिळकत कुटुंबासाठीच आहे, तर कुटुंबाची प्रत्येक संध्याकाळ विकून ती मिळवावी काय?